रोजचा एक अध्याय
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आणि गुडघ्यांमुळे खाली खुर्चीतच बसणं पसंत केलेले आपले सगळे आदरणीय गुरुजन, आणि माझ्या १९९१ च्या दहावीच्या बॅचमधल्या मित्र-मैत्रिणींनो,

तेहतीस वर्षांनी आपण एकत्र बसलो आहोत. सकाळपासून बघतोय, प्रत्येक जण आधी दुसऱ्याच्या डोक्याकडे बघतो आणि मग नाव आठवतो. ज्यांची नावं मला पटकन आठवली नाहीत त्यांची माफी मागतो. ज्यांना माझं नाव आठवलं नाही त्यांना माफ करतो.

संयोजकांनी मला सांगितलं, "तू मुलांच्या शिक्षणावर काहीतरी बोल." मी म्हटलं, अरे, मी चाकणला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. नट-बोल्टचा हिशेब विचारा, सांगतो. आपल्या बॅचमध्ये शिक्षक झालेले सात-आठ जण आहेत, त्यांना बोलवा. तर म्हणे, "ते रोजच बोलतात, तू बोल." म्हणून उभा आहे. शिक्षणातलं मला फार कळत नाही. मी फक्त एका गोष्टीबद्दल बोलणार आहे: घरातल्या लहान मुलांना रोज थोडं मोठ्यानं वाचून दाखवणं. हे मी उशिरा शिकलो. त्या उशिराची किंमतही मोजली. तुमची तरी वेळ चुकू नये, एवढ्यासाठी बोलतो.

सुरुवात आपल्या वर्गापासूनच करतो.

आपल्या वर्गात मोठ्यानं वाचन दोन तऱ्हेचं व्हायचं. पहिलं तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. मराठीच्या तासाला टाटपट्टीवरून एकेकानं उठायचं आणि धड्यातला एक परिच्छेद वाचायचा. ज्यांना येत होतं ते गाडी सुटल्यासारखं वाचायचे. ज्यांना येत नव्हतं ते आपला नंबर येईपर्यंत बोटांनी परिच्छेद मोजत बसायचे, म्हणजे आपल्या वाट्याला कोणता येतो ते आधीच कळावं. आपल्यात तांड्यावरून चालत येणारा एक मित्र होता. त्याचा नंबर आला की वर्गात आधीच खुसखुस सुरू व्हायची. तो एकेक अक्षर जोडायचा, मध्येच थांबायचा, आणि आपण हसायचो. मीही हसायचो. आठवीच्या दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. आपल्यातल्या कोणीही त्याच्या घरी जाऊन "काहून येत नाही?" असं विचारलं नाही.

तो मित्र आज इथे आला आहे. दहावी झाला नाही तरी आपल्या बॅचचा म्हणून त्याला फोन केला, याबद्दल संयोजकांचे आभार. काल संध्याकाळी स्टँडवर चहा घेताना मी त्याला विचारलं, तेव्हा नेमकं काय होत होतं? त्याची परवानगी घेऊनच त्याचं उत्तर सांगतो. तो म्हणाला, "अरे, अक्षरं येत होती मले. पण जे वाचतो ते कोणतं बोलणं हाये, तेच समजत नव्हतं. घरात आमचं गोरमाटी. आईले याडी म्हणायचं. तुमच्याशी खेळताना तुमच्यासारखं बोलायचो. पण पुस्तकात जसं लिहिलेलं असते तसं बोलताना मी कोणालेच ऐकलं नव्हतं."

मित्रांनो, काल रात्री मला नीट झोप लागली नाही. पुस्तकाची भाषा ही कोणाच्याच घरची भाषा नसते. आपल्याही घरात "मले, तुले, काहून" हेच होतं. पण माझ्या कानावर पुस्तकाचं बोलणं पडत होतं, त्याच्या कानावर पडत नव्हतं. मी हुशार होतो आणि तो ढ होता, असं आपण समजत राहिलो. खरा फरक कानाचा होता.

माझ्या कानावर ते कुठून पडत होतं? दोन ठिकाणांहून.

एक, इथलंच. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला आपले गुरुजी टेबलावर हात टेकून 'श्यामची आई' वाचायचे. हे मोठ्यानं वाचन दुसऱ्या तऱ्हेचं. त्या तासाला कोणाला उभं राहायचं नव्हतं, प्रश्नोत्तरं नव्हती, मार्क नव्हते. बाहेर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांच्या बैलांची घुंगरं वाजायची, तरी आत चिडीचूप. पुढे मोठेपणी कळलं की साने गुरुजींनी ते पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ मध्ये ते छापून आलं. त्याच्या प्रकरणांना 'प्रकरण' म्हटलेलंच नाही, 'रात्र' म्हटलं आहे. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस रात्री. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, आणि ऐकायला माणसं जमतात. म्हणजे ते पुस्तकच मुळात रोज एक याप्रमाणे ऐकण्यासाठी रचलेलं आहे. आपल्या गुरुजींनी ते तसंच वाचलं. एका शनिवारी वाचताना त्यांचा आवाज बसला, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आज इथेच थांबू." सर, त्या दिवशी आम्ही घरी जाताना एकमेकांशी बोललो नव्हतो. तुम्हाला हे कदाचित माहीत नसेल.

दुसरं ठिकाण म्हणजे आमचं घर. माझी माय शाळेत गेली नव्हती. पण श्रावण आला की आमच्या आळीत पोथी लागायची. कधी श्रीधरस्वामींचा 'हरिविजय', कधी 'पांडवप्रताप', कधी 'नवनाथ भक्तिसार'. शेगाव आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे दासगणूंचा 'गजानन विजय' घरोघरी. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, आणि निम्म्याहून जास्त माणसं अशी असायची की ज्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. मी पाचवीत गेलो तशी माय मला म्हणाली, "आता तू वाच." तेव्हापासून दहावीपर्यंत रोज दिवेलागणीनंतर मी तिला वाचून दाखवायचो. श्रावणात पोथी, एरवी जे मिळेल ते. मामाचं पत्र, किराणा बांधून आलेला पेपरचा तुकडा, मराठीचं पुस्तक, कोणाकडून तरी आणलेला जुना 'चांदोबा'. वेताळ राजाच्या खांद्यावरून उडून गेला की माय म्हणायची, "गेला का परत झाडावर? जाऊ दे, आता भाकर खा."

गंमत म्हणजे, वाचता न येणारी माझी माय माझ्या चुका काढायची. "थांब. काहीतरी सुटलं. परत वाच." मी बघायचो तर खरंच एक शब्द सुटलेला असायचा. वर्षानुवर्षं ऐकून ओवीची चाल तिच्या कानात बसली होती. पुस्तक डोळ्यांनी वाचायच्या आधी कानानं वाचता येतं, हे मी तिच्याकडे बघून शिकलो. फक्त तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

ही आपल्या भागाची जुनी रीतच आहे. आपल्या सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्म झाला. त्यांनी बाल शिवबांना रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगितल्या, हे आपण दर १२ जानेवारीला ऐकतो. कवी ना. घ. देशपांडे जवळच्या सेंदुरजनचे, पुढे मेहकरला वकिली करत राहिले. १९८६ मध्ये त्यांच्या 'खूणगाठी' या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि तिच्या तबकडीनं ती महाराष्ट्रभर पोहोचवली. 'शीळ' हा संग्रह मात्र पुस्तकरूपानं आला १९५४ मध्ये. म्हणजे लोकांनी ती कविता आधी ऐकली, वाचली नंतर. चांगली भाषा माणसाच्या आत जाते ती बहुतेक वेळा कानाच्या वाटेनंच.

इतकं सगळं मला मिळालं. मग मी माझ्या मुलांना काय दिलं?

हे सांगायला जड जातं, पण मेळाव्यात खोटं बोलायचं नाही असं ठरवून आलो आहे. पुण्याला गेलो, नोकरी लागली, लग्न झालं. २००६ मध्ये मुलगा झाला, सात वर्षांनी मुलगी. मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. पुस्तकं विकत आणली, नाही असं नाही. एका प्रदर्शनातून वीस पुस्तकांचा संच आणून कपाटात लावला. पाहुणे आले की तो दिसायचा. पण मी कधी मुलाला मांडीवर घेऊन त्यातलं एक पान वाचून दाखवलं नाही. मी शिफ्टवरून यायचो, थकलेला असायचो. पोरगा मागे लागला की त्याच्या हातात मोबाईल द्यायचो. तो जेवायचा, मीही निवांत. आम्हा दोघांनाही ते सोयीचं होतं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. कंपनी बंद झाली, आणि कसंबसं आम्ही चौघं गावी आलो. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. इथे यायला सगळ्यात जास्त आनंद झाला तो माझ्या मायला. श्रावण लागला. पोथी लावायला आळीतली माणसं जमू शकत नव्हती. मायनं 'नवनाथ'ची पोथी लाल फडक्यातून काढली, नातवाला हाक मारली आणि म्हणाली, "ये बाबू, आता तू वाच."

पोरानं पोथी हातात घेतली. बराच वेळ बघत राहिला. मग अक्षर-अक्षर जोडत एक ओवी वाचायला लागला. मध्येच थांबला. माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. आणि मित्रांनो, मला आपला वर्ग दिसला. बोटांनी परिच्छेद मोजणारा आपला मित्र दिसला. फरक इतकाच होता की इथे कोणी हसलं नाही. मायनं पोथी त्याच्या हातातून हळूच घेतली, म्हणाली, "राहू दे बाबू, डोळे दुखतील." तो उठून गच्चीवर निघून गेला.

रात्री माय माझ्याशी बोलली. रागावली नाही. फक्त विचारलं, "तू मले पाच वर्षं वाचून दाखवलं. पोरायले काहून नाही दाखवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेळ नव्हता म्हणावं तर पाचवीतल्या पोराला शेतातून येऊन, गुरांना पाणी दाखवून वेळ होता. पुस्तक नव्हतं म्हणावं तर कपाटात वीस पुस्तकं होती.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. रात्रीची जेवणं झाली की ओसरीवर चटई टाकायची आणि पंधरा मिनिटं वाचायचं. पहिला आठवडा वाईट गेला. मुलगी दोन मिनिटांत उठून पळायची. मुलगा मान खाली घालून बसायचा, "झालं का?" विचारायचा. मला स्वतःला लाज वाटायची, आवाज निघायचा नाही. माय मात्र रोज पहिल्यांदा येऊन चटईवर बसायची. तिच्यासाठी तर मी जुनाच वाचणारा होतो. ती मध्ये मध्ये हुंकार द्यायची, "मंग?" म्हणायची, हसायची. तिचं हसू ऐकून मुलगी परत यायला लागली. पंधरा दिवसांनी मुलगीच चटई टाकायला लागली. महिन्याभरानं, मी एका फोनमुळे उशिरा आलो तर ती मला म्हणाली, "बाबा, आपली वेळ झाली."

मुलाचं मात्र तसं झालं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा भाषणांत शेवटी सगळं गोड होतं. तो काही दिवस बसला, मग बसेनासा झाला. मी जबरदस्ती केली नाही. चौदा वर्षांच्या पोराला बापानं एकदम गोष्टी वाचून दाखवायला लागणं हे त्याला विचित्रच वाटणार. त्याची वेळ निघून गेली होती, आणि ती मी घालवली होती. तो आज इंजिनिअरिंगला आहे, चांगला मुलगा आहे. पण आजीशी त्याचं बोलणं "जेवलीस का, बरी आहेस का" याच्या पुढे कधी गेलं नाही. त्या दोघांमध्ये एक सामायिक गोष्टही नव्हती. वाचून न दाखवल्यानं मार्क कमी पडतात की नाही ते मला माहीत नाही. आजी आणि नातवाच्या मधे बोलायला काही उरत नाही, एवढं मात्र मी पाहिलं.

गेल्या वर्षी माय गेली. शेवटचे दोन महिने ती अंथरुणावर होती. आम्ही सुट्ट्या काढून आळीपाळीनं येत होतो. त्या दिवसांत माझी दहा वर्षांची मुलगी तिच्या उशाशी बसून रोज एक अध्याय वाचायची. अडखळायची, जोडाक्षरावर थांबायची. मायचे डोळे मिटलेले असायचे. एकदा मुलीनं एक शब्द गाळला, आणि माय डोळे न उघडता म्हणाली, "थांब. काहीतरी सुटलं."

असो.

आता थोडं कामाचं बोलतो. मला वाटलं होतं ही माझ्या मायची खेड्यातली समजूत आहे. नंतर शोधलं तर कळलं की जगातली शहाणी माणसंही फिरून इथेच आली आहेत. अमेरिकेत १९८५ मध्ये वाचनाच्या शिक्षणावर एका आयोगाचा मोठा अहवाल आला. मूल पुढे चांगलं वाचायला लागावं यासाठी सगळ्यात महत्त्वाची एकच गोष्ट कोणती, तर त्याला मोठ्यानं वाचून दाखवणं, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१४ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं डॉक्टरांना सांगितलं की आईबापांना बाळ तान्हं असल्यापासूनच वाचून दाखवायचा सल्ला द्या. आपल्याकडे पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे गावी 'क्वेस्ट' नावाची संस्था आहे. त्यांचा 'गोष्टरंग' म्हणून उपक्रम आहे. कलावंत आश्रमशाळांमध्ये जाऊन पुस्तकातल्या गोष्टी करून दाखवतात, आणि मग तीच पुस्तकं मुलांच्या हातात येतात. ज्या मुलांच्या घरची बोली वेगळी आहे, त्यांच्या कानात आणि डोळ्यांत आधी गोष्ट जाते, अक्षर नंतर. आपल्या मित्राला जे मिळालं नाही, ते हेच.

चार वर्षांत माझ्या चुकांतून जे समजलं ते सांगतो.

पहिलं, वेळ वेगळी काढायला गेलात तर निघणार नाही. रोज जे होतंच त्याला बांधा. जेवण, अंथरूण, दिवाबत्ती. आपल्या मायबापांनी याला 'नेम' म्हटलं. पोथीचा नेम म्हणजे मन असो नसो, रोज एक अध्याय. पंधरा मिनिटं फार वाटत नाहीत, पण वर्षाचे एक्क्याण्णव तास होतात. शाळेचा पस्तीस मिनिटांचा तास धरला, तर दीडशेच्या वर तास, आणि तेही एका मुलामागे एक शिक्षक. असा वर्ग कोणत्याच शाळेत मिळत नाही. एखादा दिवस चुकला तर चुकू द्या. दुसऱ्या दिवशी मात्र चटई टाका.

दुसरं, वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नका. "यातून काय बोध मिळाला?" हे विचारलं की मूल उद्या येत नाही. ते स्वतः काही विचारेल त्याला उत्तर द्या, नाहीतर गप्प बसा.

तिसरं, तीच गोष्ट दहा वेळा मागितली तर दहा वेळा वाचा. आपण 'हरिविजय' दर श्रावणात ऐकतो, तेव्हा "मागच्या वर्षी झाला की" असं कोणी म्हणत नाही.

चौथं, पुस्तकात आहे तसं आधी वाचा आणि मग आपल्या बोलीत सांगा. पोथीला अर्थ सांगणारा असतो, तसं. वऱ्हाडी असो, गोरमाटी असो, उर्दू असो, घरच्या भाषेची लाज बाळगू नका. दोन्ही कानावर पडू द्या.

पाचवं, मूल स्वतः वाचायला लागलं म्हणून थांबू नका. त्याला स्वतः वाचता येतं त्यापेक्षा पुष्कळ अवघड त्याला ऐकून समजतं. माझी मुलगी सहावीत आहे, अजून चटई टाकते. आता एक पान ती, एक पान मी.

सहावं बाप माणसांसाठी. हे काम घरातल्या बाईवर ढकलू नका. ती दिवसभर पोराशी बोलतच असते. आपण बोलतो ते "अभ्यास झाला का?" एवढंच. पंधरा मिनिटं अशी असू द्या की ज्यात बापाचा आवाज रागावलेला नाही.

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर गोष्टी ऐकायला मिळतात, मग आपण कशाला घसा कोरडा करायचा? ऐकवा, चांगल्या असतात. पण मोबाईल मध्येच थांबून पोराच्या तोंडाकडे बघत नाही. "म्हणजे काय?" विचारलं तर सांगत नाही. त्याला मांडीही नसते.

पुस्तकं कुठून आणायची? बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. आपण ते याच शाळेत वाचलं. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. शाळेच्या कपाटात पुस्तकं आहेत. गावोगावी सार्वजनिक वाचनालयं आहेत. आणि काहीच नसेल तर मुलाचं पाठ्यपुस्तक आहे. तेच धडा म्हणून न वाचता गोष्ट म्हणून वाचा.

काल चहा संपता संपता आपल्या मित्रानं मला शेवटी एक प्रश्न विचारला. त्याला चार वर्षांची नात आहे. तो म्हणाला, "तू सांगतो ते ठीक हाये. पण मले अजून नीट वाचता येत नाही. मी काय करू?"

मी त्याला काल उत्तर देऊ शकलो नाही. आज सगळ्यांसमोर देतो. भाऊ, तू चित्रांचं पुस्तक घे आणि नातीला मांडीवर घे. चित्र बघून तुला येईल ती गोष्ट सांग, गोरमाटीत सांग. तिला कळू दे की पुस्तक उघडलं की आजोबा जवळ घेतात. तुझी सून शिकलेली आहे, तिला रात्री दोन पानं वाचायला सांग आणि तू नातीशेजारी बसून ऐक. माझी माय काय करत होती? तिनं आयुष्यात एक अक्षर वाचलं नाही. ती फक्त रोज येऊन बसली, "मंग?" म्हणाली. त्यावर माझं सगळं शिक्षण झालं. आणि तू नातीबरोबर ऐकत ऐकत वाचायला लागलास, तर तिथे तुला कोणी हसणार नाही. आम्ही हसलो होतो, त्याबद्दल मी तुझी आज, या शाळेत, माफी मागतो.

आता शेवटचं. आपल्या बॅचतर्फे शाळेला काय भेट द्यायची यावर ग्रुपवर तीन महिने चर्चा चालू आहे. घड्याळ, कपाट, पंखे, नावांची पाटी. सगळं चांगलं आहे. माझी एक सूचना जोडून घ्या. गावातल्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी एक पुस्तकांची पेटी करू. पन्नास-साठ पातळ, चित्रांची, मराठी पुस्तकं. पैसे बाहेरगावी असलेल्यांनी द्यायचे. वेळ गावात असलेल्यांनी द्यायचा. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दर शनिवारी आपल्यापैकी एकानं जायचं आणि शेवटचा तास मुलांना वाचून दाखवायचा. बावीस जण गावात आणि आसपास आहेत. म्हणजे प्रत्येकाचा नंबर पाच महिन्यांतून एकदा येईल. पुण्याहून येणाऱ्यांनी सुट्टीत नंबर लावायचा. पहिला शनिवार माझा. समृद्धी महामार्गानं आता यायला फारसं लांब राहिलेलं नाही.

पाटीवर आपली नावं लिहिली तर ती दहा वर्षांनी पुसट होतील. पण त्या वर्गात कोणी एक पोरगं असेल, बोटांनी परिच्छेद मोजणारं. त्याच्या कानावर दर शनिवारी पुस्तकाचं बोलणं पडत राहिलं, तर आठवीच्या दिवाळीनंतरही ते शाळेत येत राहील. मला तेवढं पुरे आहे.

गुरुजी, त्या शनिवारी तुम्ही 'श्यामची आई' अर्ध्यावर थांबवलं होतं. पुढच्या शनिवारी तुम्ही तिथूनच सुरू केलं. आम्हीही तिथूनच सुरू करतो.